वऱ्हाड देऊन घेतलेली शांतता

कनेरगाव नाक्यावरून वाशीमच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड सुरू होतो. आपल्याला या सीमेचे आता काही वाटत नाही. सोयरिकी दोन्हीकडे आहेत, बाजारहाट दोन्हीकडे आहे. निजामाच्या काळात मात्र इकडे हैदराबाद संस्थान आणि तिकडे इंग्रजी अंमल, अशी ही दोन सत्तांची हद्द होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो ज्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, तिची एक छावणी आपल्या हिंगोलीतच होती. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी वऱ्हाड असाच एका तहाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. तो तह चांदबीबीने केला होता.

शाळेच्या पुस्तकातली चांदबीबी आपल्या सर्वांना माहीत आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याचा तट सुरुंगाने उडाला, तेव्हा ती अंगात चिलखत, तोंडावर पडदा आणि हातात तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली. मोगलांना तिने आत येऊ दिले नाही. पुस्तकातली गोष्ट बहुधा इथेच संपते. त्यानंतर ती साधारण साडेचार वर्षे जगली आणि तिला मोगलांनी मारले नाही, तिच्याच किल्ल्यातल्या लोकांनी मारले. रमजानचा महिना समेटाचा आणि दिलजमाईचा मानला जातो. म्हणून आज या पानावर तिच्या तलवारीपेक्षा तिच्या तहाची गोष्ट सांगायची आहे.

चांदबीबीचा जन्म सुमारे १५५० चा. वडील हुसेन निजामशहा अहमदनगरचे सुलतान, आई खुंजा हुमायून. अरबी, फारसी, तुर्की यांच्याबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत असे, ती सतार वाजवीत असे, असे सांगितले जाते. निजामशाही आणि आदिलशाही ही शेजारची दोन राज्ये सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत होती. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचे ठरले, तेव्हा आधी घरातले भांडण मिटवणे भाग होते. मग विजापूरच्या अली आदिलशहाशी चांदबीबीचा निकाह झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. अलीची बहीण चांदबीबीच्या भावाला, मूर्तझाला, दिली गेली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ही राज्ये एका बाजूने लढली. म्हणजे कळत्या वयात येताच तिने पाहिलेला पहिला मोठा तह तिच्या स्वतःच्या लग्नाचा होता. त्यात दोन्ही घरांनी काही दिले होते आणि दोन्ही घरांना काही मिळाले होते.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि त्याच्या सांभाळाची जबाबदारी चांदबीबीवर आली. गादीवर पोर आणि भोवती महत्त्वाकांक्षी सरदार, हा खेळ तिने तिथे पहिल्यांदा पाहिला. किश्वरखान नावाच्या कारभाऱ्याने तिला सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला आणि ती सुटून विजापूरला परतली. तिने सांभाळलेला हाच इब्राहीम पुढे संगीताचा मोठा जाणकार झाला आणि आपल्या किताब-ए-नवरस या ग्रंथात त्याने सरस्वतीची स्तुती गायली. सत्तेची सूत्रे दिलावरखानाकडे गेल्यावर चांदबीबी १५८४ च्या सुमारास माहेरी अहमदनगरला आली.

माहेरची अवस्था विजापूरपेक्षा वाईट होती. १५८८ मध्ये तिचा भाऊ मूर्तझा याला त्याच्याच मुलाने मारले. वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. नंतरच्या सहा-सात वर्षांत सुलतान बदलत राहिले. दरबारात दख्खनी म्हणजे इथलेच मुसलमान सरदार, आफ्रिकेतून आलेले हबशी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी असे गट होते. या सगळ्यांचा धर्म एकच होता आणि मीठही एकाच घरचे होते, तरी एकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता.

१५९५ च्या ऑगस्टमध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि गादीसाठी एकदम चार दावे उभे राहिले. मियां मंजू या दख्खनी सरदाराने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले. तो राजघराण्यातला नाहीच, असे पुढे उघड झाले. इख्लासखान या हबशी सरदाराने मोती नावाचा दुसरा मुलगा पुढे केला. अभंगखान हबशी घराण्यातल्या वृद्ध शाह अलीच्या बाजूने उभा राहिला. मेलेल्या सुलतानाचा तान्हा मुलगा बहादूर हाच खरा वारस, असे चांदबीबीचे म्हणणे होते. वारसाच्या दृष्टीने तिचे म्हणणे योग्य होते, पण फौज इतरांच्या हातात होती.

तेव्हा मियां मंजूने घरचे भांडण जिंकण्यासाठी बाहेरच्याला हाक मारली. गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला, अकबराच्या मुलाला, त्याने मदतीला बोलावले. दख्खनमध्ये उतरण्यासाठी मोगल निमित्तच शोधत होते. मुराद निघाला. त्याच्याबरोबर खान-ए-खानान अब्दुर्रहीम होता, दोह्यांमुळे आजही घराघरांत ठाऊक असलेला कवी रहीम. खानदेशचा राजा अलीखानही आला. आपण काय करून बसलो हे मियां मंजूच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. तो किल्ला सोडून विजापूरच्या हद्दीकडे गेला. किल्ला चांदबीबीने हाती घेतला.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच एका शिराझी माणसाने रात्री ही बातमी किल्ल्यात पोचवली. आतल्या लोकांनी दोन सुरुंग शोधून दारू काढून टाकली. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली आणि तटाचा मोठा भाग कोसळला. सरदार मागे सरकू लागले, तेव्हा चांदबीबी पुढे झाली. दिवसभर झुंज चालली आणि रात्रीतून खिंडार पुन्हा बांधून निघाले. तोफगोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरून डागली, अशी आख्यायिका आहे. चांदबीबीची चांद सुलताना झाली ती तेव्हापासून, असे म्हणतात.

त्यानंतर दोन्ही बाजू थकल्या. किल्ल्यात धान्य संपत आले होते आणि मोगल छावणीतही टंचाई होती. मुराद आणि खान-ए-खानान यांचे आपसांत पटत नव्हते. विजापूरचा सुहेलखान मोठी फौज घेऊन येत असल्याची बातमी होती. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यायचा, मोगलांनी बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता द्यायची आणि निजामशाहीने अकबराचे वर्चस्व मानायचे. वऱ्हाड काही निजामशाहीच्या जुन्या वतनातला नव्हता. चांदबीबीच्या भावाने, मूर्तझाने, तो १५७४ मध्ये इमादशाही बुडवून घेतला होता. बावीस वर्षांपूर्वी मिळालेला प्रांत देऊन राजधानी, गादी आणि वारस वाचत असतील, तर सौदा वाईट नव्हता. उपाशी किल्ल्यात बसलेल्या माणसाला तो त्याहूनही बरा वाटला असेल.

मोगल निघून गेले. चावंडच्या किल्ल्यात ठेवलेल्या बहादूरला अहमदनगरला आणून गादीवर बसवले गेले. इथवर तह यशस्वी होता.

पण या तहात एक मोठी उणीव राहून गेली. तो शत्रूशी झाला, घरच्यांशी झाला नाही. गादीसाठी भांडणाऱ्या चार गटांनी एकत्र बसून तो मान्य केलेला नव्हता. वेढा उठताच मियां मंजू आपल्या अहमदला घेऊन पुन्हा दावा सांगू लागला. विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाने, म्हणजे चांदबीबीने लहानाचे मोठे केलेल्या त्या पुतण्याने, मध्ये पडून त्या दोघांना आपल्याकडे बोलावून घेतले म्हणून ते प्रकरण मिटले. मग चांदबीबीने मुहम्मदखानाला पेशवा केले. त्याने महत्त्वाच्या जागांवर आपली माणसे बसवली आणि अभंगखानासारख्या सरदारांना कैदेत टाकले. चांदबीबीला पुन्हा विजापूरकडे मदत मागावी लागली. सुहेलखानाने येऊन अहमदनगरला वेढा दिला, तो चार महिने चालला. अडचणीत आलेल्या मुहम्मदखानाने थेट खान-ए-खानानला पत्र पाठवून मोगलांचा आश्रय मागितला. तहात मोगलांचे वर्चस्व मान्य केलेलेच होते. पेशव्याने तेच हत्यार आपल्या राणीविरुद्ध उपसले. किल्ल्यातल्या शिपायांना हे कळले, त्यांनी त्याला पकडून चांदबीबीच्या हवाली केले. अभंगखान सुटला आणि पेशवा झाला.

दुसरी उणीव आपल्या भागाशी निगडित आहे. वऱ्हाड द्यायचा हे ठरले, पण वऱ्हाड कुठे संपतो यावर लगेच वाद उभा राहिला. मोगल अधिकाऱ्यांनी पाथरीही ताब्यात घेतली. निजामशाहीचे म्हणणे होते की पाथरी दिलेलीच नाही. पाथरी हे निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने त्यासाठी इमादशाहीशी लढाया केल्या होत्या आणि वऱ्हाड घेण्याच्या कितीतरी आधी ते जिंकून घेतले होते. मोगलांच्या लेखी मात्र जे कधीकाळी इमादशाहीचे, ते सगळे वऱ्हाड. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तीत वाशीमबरोबर पाथरीही आहे. शब्द एकच होता आणि दोन्ही बाजूंनी त्याचे अर्थ वेगळे घेतले.

विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगरच्या फौजा एकत्र आल्या. १५९७ च्या सुरुवातीला गोदावरीच्या काठी, पाथरीच्या खालच्या अंगाला आष्टी-सोनपेठच्या परिसरात मोठी लढाई झाली. पहिल्या दिवशी अंधार पडला तेव्हा आपणच जिंकलो असे दोन्ही बाजूंना वाटत होते. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. शेवटी रहीम जिंकला, पण इतक्या कष्टाने की पाठलाग करण्याचे त्राण मोगलांत उरले नव्हते. तहाला वर्ष उलटते न उलटते तोच तह मेला होता.

आता अहमदनगरात दोन मते झाली. मोगलांशी लढत राहायचे, हे अभंगखानाचे मत. लढायचे बळ नाही, जे उरले ते सांभाळायचे, हे चांदबीबीचे मत. दोन्ही मतांत तथ्य होते. अडचण अशी की दोघांनाही एकमेकांच्या हेतूंची खात्री नव्हती. अभंगखानाला चांदबीबी आणि लहान सुलतान आपल्या मुठीत हवे होते. हे कळताच तिने बहादूरला आत घेऊन किल्ल्याचे दरवाजे लावले. अभंगखानाने आपल्याच राजधानीच्या किल्ल्याला वेढा घातला. इब्राहीम आदिलशहाने समेटाचा प्रयत्न केला, तो फसला. बाहेर मोगल, मध्ये पेशवा आणि आत राणी, अशी निजामशाहीची अवस्था झाली. मधल्या काळात अभंगखानाने बीडमध्ये मोगलांवर फौज पाठवली, म्हणजे मोगलांना परत येण्याचे कारणही मिळाले.

१५९९ च्या मे महिन्यात जालन्याच्या बाजूला शाहजादा मुराद दारूच्या व्यसनाने मेला. त्याच्या जागी शाहजादा दानियाल आला. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला आणि दानियाल व खान-ए-खानान अहमदनगरवर निघाले. अभंगखानाने घाटात त्यांना अडवण्याची तयारी केली, पण ती साधली नाही आणि तो चांदबीबीला मदत न करताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्याला दुसरा वेढा पडला.

चांदबीबी आता पन्नाशीची होती. चार वर्षांपूर्वी तिने तट राखला होता, तेव्हा विजापूरची मदत वाटेवर होती. आता कोणी येणार नव्हते. तिने विचार केला की किल्ला सोडावा आणि त्या बदल्यात बहादूरला व किल्ल्यातल्या माणसांना सुखरूप जुन्नरला जाऊ द्यावे, असे मोगलांशी बोलावे. हे तिने हमीदखान नावाच्या सरदाराला सल्ल्यासाठी सांगितले. तो बाहेर पडला आणि राणी किल्ला मोगलांना विकते आहे अशी आरोळी ठोकत शिपायांत फिरला. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार केले.

त्या जमावातल्या कित्येकांनी चार वर्षांपूर्वी तिच्या शेजारी उभे राहून तट बांधला असेल. एका दिवसात ती फितूर कशी ठरली? कारण तिने एकदा वऱ्हाड दिला होता. पहिला तह कोणालाच आपला वाटला नव्हता, म्हणून दुसऱ्याचे नाव निघताच संशय तयारच होता. आणि तिला मारून किल्ला वाचला का? नाही. १६०० च्या ऑगस्टमध्ये मोगलांनी सुरुंग उडवून किल्ला घेतला. बहादूर जुन्नरला जायचा तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. तिच्या अटी मान्य झाल्या असत्या, तर तो मोकळा राहिला असता.

निजामशाही तेव्हा पूर्ण बुडाली नाही. अभंगखानाच्या पदरी राहिलेल्या मलिक अंबरने परांड्याला दुसरा मूर्तझा गादीवर बसवला आणि पंचवीस वर्षे मोगलांना झुंजवले. मलिक अंबरनेही मोगलांशी तह केले आणि मुलूख परत दिला. फरक एवढाच की त्याने हबशी, दख्खनी आणि मराठे, सगळ्यांना आपल्या कामात बांधून घेतले होते. मालोजीराजांचे भोसले घराणे याच निजामशाहीत वाढले.

इस्लामच्या इतिहासात तहाच्या दोन मोठ्या आठवणी रमजानशी जोडलेल्या आहेत. हिजरी ६ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केच्या कुरैशांशी हुदैबियाचा तह केला. त्यातल्या अटी अनेक सहाबांना अपमानास्पद वाटल्या. उमरा न करता परत फिरायचे होते, त्यामुळे कुर्बानी करून केस उतरवायला सांगितले तरी कोणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा यांनी सल्ला दिला की कोणाशी काही न बोलता प्रेषितांनी आधी स्वतः ते करावे. प्रेषितांनी तसे केले आणि मग सगळे उठले. पुढे तो तह कुरैशांच्या बाजूने मोडला गेला. त्यानंतर हिजरी ८ च्या रमजानमध्ये मक्का जवळजवळ रक्त न सांडता हाती आली. बरोबरचे लोक नाराज असूनही बरोबर राहिले होते.

दुसरी आठवण दुःखाची आहे. हिजरी ३७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत हजरत अली यांच्या आणि अमीर मुआविया यांच्या बाजूंनी दोन पंच नेमून वाद मिटवण्याचा करार केला. हजरत अलींच्याच छावणीतला एक गट त्या करारावर चिडून वेगळा निघाला. त्यांना खारिजी म्हणतात. पुढे नहरवानला त्यांच्याशी लढाई झाली आणि त्यांच्यापैकीच एकाने हिजरी ४० च्या १९ रमजानला कूफ्याच्या मशिदीत पहाटेच्या नमाजच्या वेळी हजरत अलींवर वार केला. २१ रमजानला ते शहीद झाले. समोरच्याशी समेट करताना आपलेच लोक कसे तुटतात, याचे याहून कठीण उदाहरण नाही. चांदबीबीच्या माहेरी बुऱ्हाण निजामशहाच्या काळापासून शिया पंथ होता. ही आठवण त्या घरात दर रमजानला निघत असणार.

म्हणून चांदबीबीचा तह चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. उपाशी किल्ल्यातून दुसरे काय करायचे? चूक असेल तर ती घराची होती. तह करणारी एकटी पडली. ज्यांनी मोगलांना बोलावले ते शूर म्हणून मिरवले आणि जिने त्यांना परत पाठवले ती फितूर ठरली. तह केवळ शत्रूची तलवार थांबवतो. घरातला संशय थांबवायला दुसरा तह लागतो. तो कागदावर होत नाही. एकत्र बसून, काय द्यावे लागले आणि का द्यावे लागले, हे सगळ्यांना सांगून तो करावा लागतो.

आपल्याकडे सणावारांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा रस्ता, भोंग्याची वेळ, इफ्तारच्या वेळची गर्दी, सगळ्यांवर दोन्ही बाजूंची जाणती माणसे काही सोडून काही मिळवून येतात. पण खरी परीक्षा बैठकीनंतर होते. तो जाणता माणूस आपल्या गल्लीत परततो, तेव्हा त्याला चहा मिळतो की टोमणा, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. बैठकीला न गेलेल्या पोरांना कोणी बसवून समजावले का, हे पाहायला हवे. रमजानच्या तरावीहनंतर मशिदीच्या आवारात आणि संध्याकाळच्या आरतीनंतर मंदिराच्या ओट्यावर तेवढा वेळ नक्की असतो.

अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर एक तीन मजली इमारत दुरून दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. तरीही लोकांनी नाव तिचेच ठेवले. ज्या शहराने तिला एकटे पाडले, त्याने नंतर उंचावरची दुसऱ्याची वास्तू तिच्या नावावर केली. समेट करणाऱ्याची कदर करायची, तर ती तो हयात असताना करावी.